आबा अजून सुई ओवतात

आमच्या काळेवाडीच्या घरात स्टोव्ह एकच होता आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोघं, आईचं कालवण आणि आबांचा सरस. सरस म्हणजे लाकूड चिकटवायची खळ, जनावरांच्या हाडा-कातड्याची. तिच्या वड्या भिजवून मंद आचेवर शिजवाव्या लागत, आणि तेव्हा जो वास सुटायचा तो ज्यानं घेतलाय त्यालाच ठाऊक. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "तुमच्या ह्या खळीपायी माझं अन्न बाटलं." आबा म्हणायचे, "आगं, त्या खळीवरच तुझं अन्न शिजतंय." रोजचं भांडण, रोजचंच हसणं. आता माझ्या सुनेच्या ओट्यावर चार शेगड्या आहेत आणि कशाचाच वास बाहेर येत नाही, वर बसवलेलं यंत्र सगळा ओढून घेतं. चांगलंच आहे म्हणा. पण मला मधूनच त्या सरसाची आठवण येते आणि भूक लागते, आता याला काय म्हणावं!

आबा पिंपरीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. हे काम आता फार लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात घडवतात, तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. लाकडातला तो नमुना घडवणारा सुतार म्हणजे पॅटर्नमेकर. आम्ही मूळचे फलटणकडचे, जातीनं आणि हातानंही सुतार. गावात नांगर आणि दारं घडवणारे आबा माझ्या जन्माच्या वर्षी पिंपरीला आले तेव्हा इथं माळ जास्त आणि कंपन्या कमी होत्या. या कामातली मोठी गंमत अशी की लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणून लाकडाचा नमुना तेवढाच मोठा करावा लागतो. आता हा हिशेब दरवेळी कोण करत बसणार? म्हणून या लोकांची मापाची पट्टीच निराळी. तिच्यावर बारा इंच लिहिलेले, पण ते बारा इंच एक सूत जास्तीचे. दिसायला अगदी साध्या पट्टीसारखी. आबा तिला वाढीव पट्टी म्हणायचे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन खिळ्यांवर दोन पट्ट्या टांगलेल्या असत, डावीकडे साधी, उजवीकडे वाढीव. वाढीवला कडेला एक खाच पाडलेली, न बघता अंगठ्याला कळावी म्हणून. मी लहान असताना एकदा त्यांची अदलाबदल केली तर आबांनी मला आयुष्यातली एकुलती एक चापट मारली आणि नंतर तासभर स्वतःच डोळे पुसत बसले. माझ्या आधीची तीन मुलं गेली होती, त्यामुळे माझ्यावर हात उचलणं म्हणजे त्यांना पापच वाटायचं.

तसा माणूस मी नंतर बघितला नाही. बाप म्हणून नाही, आणि नवरा म्हणूनही नाही, हे माझ्या नवऱ्यादेखत म्हणते, ते हसतात. पहिल्या पाळीहून आले की आबा हातपाय धुऊन आधी आईला विचारायचे, "काय गं, पाठ दुखायची थांबली का?" आणि मग चहा. उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून त्यांनी मला भातुकली करून दिली होती, जातं, पाट, परात, सगळं इतकं नीट की शेजारच्या बायका बघायला यायच्या. रविवारी सुकटीची चटणी ते स्वतः करायचे, तव्यावर खमंग भाजून, वरून कच्चा कांदा, आणि पहिला घास आईच्या तोंडात. आई लाजून म्हणायची, "पोरगी बघतीय." ते म्हणायचे, "बघू दे की, शिकंल." माझी वेणीही तेच घालायचे. चांगली घोडी झाले, अकरावीत गेले, तरी. त्यांनी पाडलेला भांग म्हणजे ओळंबा लावावा असा सरळ. एक दिवस मैत्रीण म्हणाली, "शके, आज भांग नागमोडी?" मी घरी येऊन चिडवलं, "आबा, रिटायर झालात म्हणून हातपण रिटायर झाला का?" ते हसले नाहीत. "उद्यापास्नं तुझी तू घाल," एवढंच बोलले.

ते निवृत्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शाल, नारळ, फेटा झाल्यावर आठव्या दिवशी गुलाबभाऊ दारात उभे राहिले. गुलाबभाऊ म्हणजे आबांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. नोकरी सोडून त्यांनी चिंचवड स्टेशनच्या मागे छोटी फौंड्री टाकली होती. म्हणाले, "आबा, माझे पॅटर्न तुम्हीच करायचे. दुसऱ्याच्या हातावर माझा इश्वास न्हाई." आबांचा चेहरा असा फुलला की शाल-नारळाच्या दिवशीही फुलला नव्हता. शेडमध्ये पुन्हा रंधा चालू लागला, भुसा उडू लागला, स्टोव्हवर सरस चढला. आई वरवर कुरकुरली, पण मनातून खूश होती.

आणि मग मला दिसायला लागलं की आबांना दिसत नाहीये. डाव्या बाजूला ठेवलेला चहाचा पेला हटकून सांडायचा. दाराची चौकट, जी त्यांनीच बसवलेली, तिला खांदा धडकायचा. एका संध्याकाळी मी शेडमध्ये गेले तर ते पट्टी नाकाला लावून बसले होते. पेन्सिलीचं टोक लाकडावर फिरतंय, थांबतंय, पुन्हा फिरतंय. मला बघून म्हणाले, "शके, दार लाव." मग सांगितलं. डावा डोळा गेल्यात जमा होता. उजव्यानं नळीतून बघावं तसं दिसायचं, पट्टीवरची रेघ सापडली की पेन्सिलीचं टोक हरवायचं, टोक सापडलं की रेघ. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊ." ते म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" माझा आजोबा पन्नाशीत आंधळा झाला, थोरला चुलता त्याच्याही आधी. गावात आमच्या घराला आंधळ्याचं घर म्हणत. त्यापायी माझ्या आत्याचं लग्न दोनदा ठरून मोडलं आणि तिसऱ्यांदा ती एका बिजवराला दिली. ती कशी जगली ते आबांनी डोळ्यांनी बघितलं होतं. "तुझं लगीन व्हऊ दे. मग मी कुठंबी येतो. तोवर तुझ्या आईलासुदीक सांगायचं न्हाई, ती भोळी हाय, चार बायकांत बोलून जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. घे माझ्या गळ्याची शपथ." मी घेतली. सतरा वर्षांची होते, शपथ म्हणजे मला फार मोठी गोष्ट वाटायची.

तेव्हापासून मी आबांचे डोळे झाले. कॉलेजातून आले की शेडमध्ये. नकाशावरचं माप मी वाचायचे, पट्टी मी धरायचे, खूण मी करायचे आणि कापणं-तासणं ते करायचे. ते मात्र बोटांनी असं करायचे की डोळस माणूस लाजेल. आई सुई ओवायला द्यायची ती ते, "उजेडात ओवतो" म्हणून शेडमध्ये आणायचे, मी ओवायचे, ते नेऊन आईला द्यायचे. आई कौतुकानं शेजारणीला सांगायची, "साठीला आलं तरी नजर बघा." आम्ही बापलेक एकमेकांकडे बघून हसायचो. खरंच हसायचो हो! आज मला त्या हसण्याची लाज वाटते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आता दर तीन महिन्यांनी माझ्या डोळ्यांचं प्रेशर बघतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी मोठ्यानं सांगितलं, आजोबा, चुलते, वडील. इतकं सोपं असतं ते.

वर्षभरानं पुनावळ्याचं स्थळ आलं. सुताराचंच घर, थोडी शेती, मुलगा कंपनीत टर्नर. बघायला आले त्या दिवशी आबांना मी सकाळीच सगळं समजावून ठेवलं होतं, कोण कुठं बसणार, पाट कुठं, तांब्या कुठं. त्यांनी एकही चूक केली नाही. मुलगा मला आवडला. खोटं कशाला बोलू, फारच आवडला. कमी बोलणारा, आणि जाताना आईला वाकून नमस्कार करणारा. सुपारी फुटली, सहा महिन्यांनी लग्न ठरलं, आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पिवळी साडी कशी असेल, तिकडं विहिरीचं पाणी आणावं लागेल का, असलेच विचार.

त्याच दिवसांत गुलाबभाऊंनी पंपाच्या बैठकीचं काम दिलं. मोठं गिऱ्हाईक होतं, हे जमलं तर वर्षभर काम मिळणार होतं. सगळी आखणी एका बैठकीत व्हायची होती. शेजारची मुलगी दारात येऊन लग्नाच्या बांगड्यांचं काहीतरी बोलत होती, मी तिला उत्तर देत देत खिळ्यावरची पट्टी काढली. आबांनी सवयीनं विचारलं, "वाढीव ना?" मी म्हटलं, "हो." बघितलं नाही. खाच चाचपली नाही. आबांनीही चाचपली नाही, कारण पट्टी माझ्या हातात होती आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता. आम्ही दोन तास त्या साध्या पट्टीनं आखत बसलो.

पंधरा दिवसांनी, शाळा सुटायच्या वेळेला, गुलाबभाऊ गोणपाटात गुंडाळलेला लोखंडाचा नग घेऊन आले आणि ओट्यावर ठेवला. "आबा, ह्यो बघा. फुटाला सूतभर कमी भरतोय. तासायला मालच उरत न्हाई. ओतलेले समदे भंगारात गेले, गिऱ्हाईकबी गेलं." आबांनी नगावरून दोन्ही तळवे फिरवले, मग कडेनं अंगठा. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा माझ्या दिशेनं वळला आणि लगेच मुद्दाम दुसरीकडे गेला. "साधी पट्टी लागली, गुलाब," ते म्हणाले. "चूक माझी. घाईत व्हतो."

"तुम्ही आणि घाईत?" गुलाबभाऊ खाली बसले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्यांचे डोळे भरले होते. "आबा, पट्टी न चाचपता उचलली म्हणून तुम्ही मला कानफटात मारलीय. एक इचारतो, रागावू नका. नजर बराबर हाय ना? माझा मेव्हणा पुण्याला सरकारी दवाखान्यात हाय, डोळ्याच्या वॉर्डात. शनवारी मी स्कूटर घिऊन येतो. तासाभराचं काम."

"नजरंला काय धाड भरलीय?" आबा हसले, पण ते हसू कुणालाही कळावं इतकं कोरडं होतं. गुलाबभाऊंनी माझ्याकडे बघितलं. "शकू, तू सांग गं. आबांना नीट दिसतं का?"

आई चहा घेऊन दारात आली होती. आबा मान खाली घालून नगाची कड चाचपत बसले होते. मी एक शब्द बोलले असते, "नाही," तर शनिवारी ते दवाखान्यात असते. आणि पट्टीची चूक माझी, हेही त्याच एका शब्दानं उघडं पडलं असतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की आबांची शपथ होती, आबांची इज्जत होती, म्हणून मी बोलले नाही. आता या वयात कुणाला भ्यायचं? मला ते लग्न हवं होतं. मला तो मुलगा हवा होता. पुनावळ्याच्या लोकांना कळलं तर माझी आत्या होईल, हे भय होतं, आणि ते आबांच्या डोळ्यांपेक्षा मोठं होतं.

"आबा अजून सुई ओवतात," मी म्हणाले.

"व्हय की," आई भाबडेपणानं म्हणाली, "परवाच तर दिली ओवून." गुलाबभाऊंनी चहा घेतला, नग तिथंच ठेवून आबांच्या पायाला हात लावला आणि गेले. पट्टी मी उचलली होती हे त्यांना मी कधीच सांगितलं नाही. आता ते राहिले नाहीत, म्हणून इथं लिहिते आहे, हा काय मोठा पराक्रम नव्हे.

त्यानंतर काम आलं नाही. सुतारांच्या, ओतणाऱ्यांच्या जगात बातमी फिरायला वेळ लागत नाही. आबा थकले, आता त्यांच्या हाताचा भरवसा नाही, असं लोक बोलू लागले. बाजारात कुणी जुना सोबती भेटला की तोंडभर "काय आबा, बरंय ना राव?" म्हणायचा आणि कामाचं बोलायचाच नाही. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. एकदाच, मी शेडमध्ये रडत होते तेव्हा म्हणाले, "येडे, माझं नाव काय चाटायचं हाय आता? तुझं बस्तान बसू दे." स्टोव्हवर आता फक्त कालवण असायचं. आई म्हणायची, "खळीचा वास न्हाई तर घर कसं सुनं वाटतंय." आबा शेडच्या दारात बसून राहायचे, उजव्या डोळ्यातली ती नळी दिवसेंदिवस बारीक होत चाललेली, आणि मी लग्नाला किती दिवस राहिले ते बघत होते.

लग्न दारातच मांडव घालून झालं. मांडवाचे खांब कुठं रोवलेत ते आबांनी पहाटे एकेक चाचपून पाठ केलं होतं. जावयाचे पाय धुताना पाणी ताम्हणाबाहेर पडलं, तेव्हा भटजी म्हणाले, "आबा, मुलीच्या काळजीनं हात कापतोय." सगळे हसले. निरोपाच्या वेळी त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, तसाच, जसा तो नग धरला होता, आणि लोकांना वाटलं बापाची माया. मायाच होती. पण ते मला बघायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना मी दिसत नव्हते, हे त्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं.

पंधरा-वीस दिवसांनी पुनावळ्याला ओसरीवर सासूबाई आणि मी मेथी निवडत होतो. सासूबाई रोखठोक बाई, पण मनानं मऊ. सहज म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या डोळ्याचं काय म्हनतोय डागदर?"

मी म्हटलं, "कुठं काय? त्यांना काही नाही."

"आगं ए, माझ्यासंगं कशाला लपवतीस? माझी धाकली भन फलटणकडंच दिलीया. तुझा आजा, तुझा चुलता, समदं ठाव हाय आमाला. चौकशी केल्याबिगर सून आणली व्हय आमी? आन बघाया आलो तवाच ह्यांनी वळखलं, ह्या मानसाला दिसत न्हाई. ह्ये म्हनलं, मानसं सरळ हायती, पोरगी गुणाची हाय, डोळं काय कुनाच्या हातात असत्यात? आमाला वाटलं तुमी इलाज चालू केला आसंल." माझ्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. "न्हाई केला?"

मला त्या ओसरीवर भडभडून आलं. सासूबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मला काळेवाडीला धाडलं. मी आईला स्टोव्हपुढे बसवून सगळं सांगितलं, शपथ, सुई, पट्टी, पुनावळं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तीस वर्सं त्येंच्या ताटाशेजारी ताट मांडलं मी. एका घरात ऱ्हाऊन तुम्ही दोघांनी मला परकी केलीत."

आबा मात्र एका शब्दात तयार झाले. "आता तुझं झालं. न्या कुठं न्यायचं तिकडं." निरोप धाडल्यावर गुलाबभाऊ स्कूटर घेऊन आले, आई आणि मी बसनं पुण्याला गेलो. डॉक्टर तरुण होते, त्यांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले, राहिलेली टिकवता येते, पण टिकवायला आता फार काही राहिलेलं नाही. डावा पूर्ण गेला. उजव्याला थेंब घाला, बघू. मग कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाले, "पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर उजवा बऱ्यापैकी वाचला असता. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" पाच महिन्यांपूर्वी तो नग आमच्या ओट्यावर होता. आबाच घाईघाईनं म्हणाले, "मीच सांगितलं न्हाई कुणाला, डागदरसाहेब. पोरीला काय म्हाईत असणार?"

संध्याकाळी आईनं भाकऱ्या टाकल्या, वांग्याचं कालवण केलं. आबा पाटावर बसले. मी त्यांचा हात धरून ताटातलं दाखवलं, इथं भाकरी, इथं कालवण, इथं मीठ. आता लपवायचं काही नव्हतं. दोन घास खाऊन ते थांबले आणि माझ्याकडे कान करून हळूच म्हणाले, "शके, खरं सांग. पुनावळ्याला कुणाला कळलं का गं?"

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

"नाही आबा," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

"बघ!" ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा तो आवाज ऐकला मी, गुलाबभाऊ काम घेऊन आले होते त्या दिवसासारखा. "मी म्हनत नव्हतो? मग कायबी वाया न्हाई गेलं. आगं ए, आणिक एक भाकरी टाक मला."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि परातीतलं पीठ पुढे ओढलं. आबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. तिनंही त्यांना कधी सांगितलं नाही.